घरचे : शून्य

उदाहरण पहिले

शालिग्राम खामगावपासून दीड कोसावर वांगी पिकवतो. शहरातल्या एका वसतिगृहाला फाल्गुनापर्यंत रोज वीस शेर वांगी पुरवायची आहेत. मधे भाव बदलायचा नाही. एका शेराला खर्च किती येतो ते काढा आणि भाव सुचवा.

(पुस्तकातले उदाहरण वेगळे होते. त्यात मुंबईचा एक कारखाना खुर्च्या करत होता. शेषराव मास्तर तेलघाण्याच्या वरच्या खोलीत सकाळी हिशेबाचा वर्ग घेत आणि वर्गातल्या एकाच्याही घरी खुर्ची नव्हती. म्हणून त्यांनी समोर बसलेल्याला विचारले, "तुह्या घरी काय होते बे?" शालिग्राम म्हणाला, "वांगे." वसतिगृहाचे मात्र खरेच होते. भावाची चिठ्ठी त्याला सोमवारी द्यायची होती.)

शालिग्रामचे उत्तर

मोटेवरचा गडी : तीन आणे
बी आणि रोपे : एक आणा
नाक्यावरची जकात : एक आणा
शेणखत : घरचे
बैल : घरचे
टोपल्या : घरच्या
निंदणी, तोडणी : घरची

एकूण पाच आणे. वीस शेराला पाच आणे, म्हणजे वीस पैसे; शेराला एक पैसा. भाव दीड पैसा ठेवला तर साडेसात आणे येतात. नफा अडीच आणे.

उत्तर तपासताना

"तोडनी कोन करते?"

"रुख्मिणी."

"रुख्मिणी कोन?"

वर्ग हसला. शालिग्राम खाली पाहून म्हणाला, "घरची, जी."

"ते त दिसूनच राह्यलं. बैल घरचे, टोपली घरची, बायको घरची. एकाच दाव्याले बांधले बे सारे!"

"बैलाले कोनी मजुरी देते का, मास्तर?"

"कडबा देते. बायकोले काय देतं तू?"

"भाकर."

"भाकर कोन थापते?"

शालिग्रामने दौत उचलून दुसरीकडे ठेवली.

"तुह्या गावात निंदनाऱ्या बाईची मजुरी काय?"

"तीन आणे."

"लिही."

उदाहरण पहिले, पुन्हा

पाच आणे आणि तीन आणे, आठ आणे. दीड पैशाच्या भावाने येणार साडेसात. रोज अर्धा आणा तोटा. दोन पैसे भाव ठेवला तर दहा आणे येतात, दोन आणे उरतात.

हे उत्तर बरोबर आहे. मास्तरांनी त्याखाली सही केली.

उदाहरणात न दिलेली माहिती

दुपारी शेतात रुख्मिणी टोपलीत वांगी लावत होती. देठ न मोडता, सगळे एका बाजूला. शालिग्राम बांधावर बसून उदाहरण पुटपुटत होता.

"काय मोजून राह्यले?"

"तुह्यी मजुरी."

तिचे हात थांबले. "किती निंगाली?"

"तीन आणे. पन ते वर्गात."

"आन चिठ्ठीत?"

"चिठ्ठीत टाकले त भाव दोन पैसे होते. नारायणरावबी चिठ्ठी देऊन राह्यला, थो पावनेदोनात द्यायले तयार हाये. ठेका जाईन."

"म्हंजे माहे तीन आणे काढले त ठेका भेटते."

"काढले कुठी वं? घरचंच त हाये."

रुख्मिणीने टोपलीवर ओले फडके टाकले. कडा खोचल्या. "शेजारची पुष्पाबाई जिनात जाते. कापूस निवडायचे चार आणे भेटते. मी बी जातो."

"आन वांगे कोन तोडीन?"

"पाहा कोनी घरचं."

शालिग्रामने सोमवारी दीड पैशाची चिठ्ठी दिली. ठेका त्याला मिळाला. नारायणरावाचा पावणेदोन पैशांचा भाव मागे पडला.

उदाहरण दुसरे

ठेका सुरू झाला त्याच दिवशी एका घरातली बाई भोंग्याच्या आधी जिनात गेली. तिच्या जागी तीन आणे रोजाने अन्नपूर्णाबाई लावली. बाई चार आणे आणते. घरात काय फरक पडला?

शालिग्रामने तिला अडवले नव्हते. वर्गात शिकलेल्या रीतीने त्याने मनात वजाबाकी केली होती : चार येणार, तीन जाणार. आता कागदावर केली. ठेक्यात रोज अर्धा आणा तोटा, जिनाचे चार आणे. उरले साडेतीन. ती घरीच राहिली असती तर अडीच उरले असते. एक आण्याने बरे.

तो खूश होता. त्याने कीर्द मांडली : घर खाते जमा, जिनातून चार आणे.

मास्तरांनी त्यावर रेघ ओढली.

"रीत सांग."

"देनाऱ्याचे जमा, घेनाऱ्याचे नावे."

"जिनानं तुह्या घरी पैसे आनून देले का?"

"नाही. रुख्मिणीनं आनले."

"देनार कोन मंग?"

"ते घरचीच..." एवढे बोलून तो थांबला. या वेळी कोणी हसले नाही. शालिग्रामने लिहिले : रुख्मिणीचे जमा, चार आणे. घर खाते नावे, चार आणे.

"म्हंजे हे मले वापस द्या लागते, मास्तर?"

"मागतले त."

उदाहरण तिसरे

फाल्गुनात जिनाचा भोंगा बंद झाला. ठेकाही संपला. वसतिगृहाने जूनपासूनचा भाव मागवला आहे. नवा भाव काढा.

रुख्मिणीचे जमा झालेले शालिग्रामने तिला वाचून दाखवले होते. ती मागेल म्हणून तो वाट पाहत होता. तिने मागितले नाही. ती रिकामी टोपली घेऊन वाफ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "जिनात चार भेटत होते. तुमी किती देता?"

"तीन. अन्नपूर्णाबाईले तीनच देतो मी."

"अन्नपूर्णाबाई देठ मोडते. मागच्या पंधरवड्यात वसतिगृहवाल्यानं अर्धी टोपली वापस केली, तुमीच सांगतलं. आन घरच्याले एक आणा कमी काऊन?"

शालिग्राम बांधावर बसला. मोटेचा गडी पाणी धरायला हाका मारत होता.

"टोपली खाली ठेव," तो म्हणाला.

"आधी सांगा."

"चार."

तिने टोपली खाली ठेवली.

उत्तर

मोटेवरचा गडी : तीन आणे
बी आणि रोपे : एक आणा
नाका : एक आणा
रुख्मिणी : चार आणे

एकूण नऊ आणे. भाव दोन पैसे. येणार दहा आणे, नफा एक आणा. चिठ्ठी दिली आहे. नारायणरावानेही दिली आहे. वसतिगृहाचे उत्तर अजून आलेले नाही.

शेणखत, टोपल्या आणि बैल : घरचे.