रात्रीखाली अठ्ठावीस

डॉक्टर अमरसिंहांनी निशिगंधाला बोलावलं होतं ते वेबसाइटवर फक्त एक ओळ टाकायला. राजारामपुरीतल्या त्यांच्या मधुमेहाच्या दवाखान्याची वेबसाइट तिनंच चार महिन्यांपूर्वी केली होती. पेशंटनं मोबाइल नंबर टाकला की त्याचा इन्शुलिनचा डोस समोर यायचा. तेव्हापासून कागदाची चिठ्ठी बंद झाली होती.

"साठीच्या पुढच्या पेशंटनी डोस स्वतः वाचू नये, घरच्यांकडून वाचून घ्यावा," डॉक्टर म्हणाले. "लाल अक्षरात टाका. ठळक."

"काही झालं का?"

"एका बाईंचा डोस सोमवारी बदलला. सकाळी अठ्ठावीस, रात्री दहा. त्यांनी रात्रीच अठ्ठावीस टोचून घेतलं. साखर एवढी उतरली की पहाटे बेशुद्ध सापडल्या. तीन दिवस आयसीयूत होत्या, नशिबानं निभावलं. नजर अधू, वय अडुसष्ट. दुसरं काय?"

त्या बाई तपासणीसाठी आल्या होत्या आणि बाहेर बाकावर बसल्या होत्या. नीलम्मा. उचगावच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या. हातावर सलाइनचा निळा डाग, मांडीवर बंद केलेली चष्म्याची डबी. शेजारी मुलगा शिवशरण, त्याचं गावातच कापडाचं दुकान. निशिगंधानं आपण कोण ते सांगितलं आणि विचारपूस केली. शिवशरण लगेच सुरू झाला.

"वेबसाइटवर धडधडीत लिवलंय की, मॅडम. तरी अव्वानं चुकीचं वाचलं. आता फोन माझ्याकडं, इंजेक्शन बायको देती. हिचा काय भरवसा न्हाय बघा."

नीलम्मा मान खाली घालूनच बोलल्या. "पोरांना जन्मभर 'नीट वाच रे' म्हणून ओरडले. आणि मलाच वाचता येईना झालं. पेपर पण बंद केलाय मी. काय उपयोग? डोकंच जाग्यावर नसेल तर."

"तुम्ही ज्या फोनवर वाचलं, तो बघू?" निशिगंधानं सहज विचारलं. शिवशरणनं खिशातून फोन काढून दिला.

तिनं पान उघडलं आणि पहिल्यांदा तिला ते ओळखूच आलं नाही.

तिच्या फोनवर वरच्या ओळीत 'सकाळी' आणि 'रात्री' शेजारी शेजारी दिसत, आणि खालच्या ओळीत ज्याचा त्याचा आकडा. अक्षर तिनंच निवडलेलं, बारीक आणि फिकट राखाडी. डॉक्टरांना ते फार आवडलं होतं. तेच अक्षर नीलम्मांना दिसेना, म्हणून त्यांनी फोनमधली अक्षरं सगळ्यात मोठी करून घेतली होती. एवढी मोठी अक्षरं एका ओळीत मावत नव्हती. त्यामुळे सगळं एकाखाली एक घसरलं होतं. आधी 'सकाळी', खाली 'रात्री', त्याखाली २८, त्याखाली १०. आणि पडद्यावर एका वेळी दोनच ओळी मावत होत्या. 'सकाळी' वर निघून गेलं होतं. दहा खाली दडले होते.

मधे उरलं होतं ते एवढंच:

रात्री
२८ युनिट

शिवशरण काहीतरी विचारत होता. तिनं पान वर सरकवलं, खाली सरकवलं, परत मधे आणलं. रात्री, २८ युनिट. बाईंनी चुकीचं वाचलंच नव्हतं. जे लिहिलं होतं तेच वाचलं होतं.

ती फोन घेऊन तशीच आत गेली आणि डॉक्टरांपुढे धरला. डॉक्टर बघत राहिले. मग त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"हे बाहेर बोलू नका. आजच दुरुस्त करा, पण बोलू नका. केस होईल. तुमच्यावर पण."

"त्यांना वाटतंय त्यांचं डोकं फिरलंय, सर."

"निशिगंधा, ऐका माझं."

तिनं दार उघडलं. बाकासमोर ती खाली फरशीवरच बसली.

"बाई, चूक तुमची नाही. माझी आहे. हे पान मी बनवलंय. अक्षर मोठं केल्यावर काय होतं ते मी कधी बघितलंच नाही. हे बघा."

नीलम्मांनी डबीतून चष्मा काढला. वाचलं. परत वाचलं. मग निशिगंधानं पान वर सरकवून 'सकाळी' दाखवलं, खाली सरकवून दहा दाखवलं. बाईंचा हात तोंडावर गेला.

शिवशरण ताडकन उठला. "म्हंजे? माझी आई मेली असती की ओ! तीन दिवस आमच्या घरात चूल पेटली न्हाय, आन तुम्ही आत्ता सांगताय?" अख्खा दवाखाना वळून बघायला लागला. निशिगंधा नुसती "होय, होय" म्हणत राहिली.

"शिवशरण," नीलम्मा म्हणाल्या. आवाज वर्गातला होता. "फोन दे माझा."

"अव्वा, तू आता…"

"दे म्हटलं ना."

त्यानं दिला. मग त्या निशिगंधाकडे वळल्या. आवाजात राग होता, पण तो त्यांनी आवरून धरला होता. "कुणा म्हाताऱ्या माणसाला एकदा वाचायला दिलं होतंस हे?"

"नाही."

"एकालाही?"

"नाही, बाई."

"मग इथं काय बसलीस? दुसऱ्या कुणी असंच वाचलं असेल तर?"

हे तिच्या मनातच आलं नव्हतं. ती धडपडत उठली. वेबसाइट तिथल्या तिथं बंद केली. डॉक्टरांनीही आता वाद घातला नाही. पेशंटची यादी आणि दवाखान्याचा फोन त्यांनी स्वतःच तिच्यापुढे ठेवला. डोस दोन वेळांचा असणारे एक्केचाळीस जण होते. ती एकेकाला फोन लावून विचारू लागली, पान बघून डोस किती घेताय?

तिघांचं बरोबर निघालं. चौथा फोन शाहूवाडीकडच्या हंबीररावांना लागला. नातवानं कालच अक्षर मोठं करून दिल्याचं त्यांनी कौतुकानं सांगितलं. डोस त्यांनी पाठ म्हणून दाखवला.

"रात्री बत्तीस. नवा डोस हाय, आज रातच्यापास्नं घ्यायचा."

यादीत बत्तीस सकाळीपुढे होतं, रात्रीपुढे बारा.

"दादा, थांबा. ते चुकलंय. पेन आहे का जवळ? आणि कागद?"

"हाय की. पर आता खरं कुटलं धरू, पोरी?"

"मी सांगते ते. डॉक्टर इथंच बसलेत, ते पण सांगतील. लिहा, रात्री."

"लिवलं."

"त्याच्यापुढं बारा. त्याच ओळीत. आता मला वाचून दाखवा."

त्यांनी सावकाश वाचून दाखवलं. तिनं परत एकदा वाचायला लावलं, आणि मग पाचवा नंबर फिरवला.