सायकलवाल्या काकांची साक्ष

सोमवारी टायवाल्यांना सुट्टी असायची. सुट्टी म्हणजे काय, तर आठवडाभराचे घामट शर्ट धुवायचे, केस कापून घ्यायचे, घरी पत्र लिहायचं आणि संध्याकाळी पुन्हा टाय बांधून लोकांची दारं वाजवायला निघायचं. त्या दोन मिशनऱ्यांना सगळा मोहल्ला टायवालेच म्हणायचा. अशा उकाड्यात गळ्याला फास लावून हिंडणाऱ्यांना दुसरं म्हणणार तरी काय?

दोघांतला मोठा तो मुकादम. हे नाव अर्थात दुसऱ्यानं मनातल्या मनात ठेवलेलं. मुकादम दिवसाकाठी किती दारं झाली ते मोजायचा आणि जोडीदाराला घटकाभरही नजरेआड होऊ द्यायचा नाही, कारण मिशनचा नियमच तसा होता. दुसरा धाकटा. घरी तो थोरला, बहिणीचा दादा, पण इथे वयानं आणि मानानं धाकटा. एकविसावं सरत आलं होतं आणि घर सोडून दहा महिने झाले होते. या दहा महिन्यांत त्याच्या शब्दानं एकही माणूस ख्रिस्ती विश्वासात आला नव्हता. लोक दार उघडायचे, पाणी द्यायचे, नको म्हणायचे आणि दार लावून घ्यायचे.

त्या सोमवारी सकाळी तो बादलीपाशी शर्ट घोळत बसला होता. मुकादमानं मिशनचा फोन आणून त्याच्यासमोर धरला. फोनवर आईचं पत्र आलं होतं.

"छकुली उद्या कॉलेजात अर्ज देतेय," आईनं लिहिलं होतं. "नर्सिंग सोडून तुझ्यासारखीच सेवेला जाणार म्हणते. तुझी पत्रं वाचून वाचूनच तिच्या मनानं घेतलं. चार वाजता फोन करशील तेव्हा तिच्यासाठी दोन शब्द बोल."

 छकुलीनं, त्याच्या बहिणीनं, ती नर्सिंगची सीट दोन वर्षं घासून मिळवली होती. एकदा सोडली की परत मिळायची नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ती सोडणार कशाच्या जोरावर, तर त्याच्या पत्रांच्या!

आता या पत्रांचं सांगायला हवं. सुरुवात अगदी साधी होती. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी एक पुस्तिका ठेवून घेतली, एवढंच त्यानं लिहिलं. ते खरंच होतं, काकांनी ती ऑइलच्या डब्याखाली ठेवली होती. पण आईनं ते पत्र रविवारी उपासनेनंतर सगळ्या मंडळीला वाचून दाखवलं आणि उलट विचारलं, "मग? पुढे काय झालं?" पुढे काय होणार, डोंबल? पण आईला असं लिहिता येतं का? मग काकांनी पुस्तिका वाचली. पुढच्या आठवड्यात काका डोळे मिटून प्रार्थनेला बसले. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दर सोमवारी हा पठ्ठ्या तिखटमीठ लावत गेला आणि गेल्या पत्रात तर काकांनी बाप्तिस्म्याची तारीखच विचारली होती.

बरं, शहाण्या माणसानं अशा वेळी काय करावं? सरळ सांगून मोकळं व्हावं. पण धाकट्याच्या डोक्यात भलतंच शिरलं. चार वाजायच्या आत काका खरोखर विश्वासात आले, तर पत्रं खरी होतील. मग खोटं बोलल्याचं सांगायचा प्रश्नच उरत नाही.

तेव्हापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली. अर्धे शर्ट तसेच बादलीत राहिले. जेवणाचे चार घास त्यानं उभ्यानंच गिळले. "केस कापायला चला," म्हणून तो मुकादमाच्या मागे लागला, कारण न्हावी काकांच्या दुकानासमोरच बसायचा, सोमवारीसुद्धा. मुकादम खुर्चीत बसला, आरशातून त्याला समोरचं दुकान दिसत होतं, म्हणजे नियमही पाळला गेला. तोवर दोन वाजून गेले होते.

काका पाण्याच्या टपात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होते.

"काका, ती पुस्तिका वाचलीत का हो?"

"कुठली?"

धाकट्यानं ऑइलच्या डब्याकडे बोट दाखवलं.

"तू वाचलीयस ना? मग झालं तर. हे जरा धर."

धाकट्यानं ट्यूबचं एक टोक धरलं. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. "मी वाचून दाखवतो. फार मोठी नाही. चारपर्यंत सहज होईल."

"चार वाजता काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणतोस आणि एका जागी उभा राहवत नाही तुला. काय घोळ घातलायस?"

दहा महिन्यांत इतक्या आपुलकीनं कोणी त्याला विचारलं नव्हतं. त्याचा बांधच फुटला. पुस्तिका, प्रार्थना, डोळ्यांतलं पाणी, तारीख, छकुली, अर्ज, सगळं त्यानं घडाघडा सांगून टाकलं. सांगताना त्याचे कान तापले होते. काका ट्यूब फिरवत ऐकत राहिले.

"म्हणजे तुमच्या तिकडे लोक माझ्यासाठी प्रार्थना करतात?"

"दर रविवारी."

"माझ्या गुडघ्यासाठी करतात का?"

"गुडघ्याचं मी लिहिलं नव्हतं."

"एवढं सगळं लिहिलंस, तेवढंच राहिलं होय?" काका गुडघ्यावर हात टेकून उठले. फडक्याला हात पुसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि फोटोला राहतात तसे ताठ उभे राहिले. "चल. काय म्हणायचं असतं ते सांग. मी म्हणतो."

ज्या होकारासाठी त्यानं दहा महिने वहाणा झिजवल्या, तो असा समोर उभा होता. वाक्यं त्याला तोंडपाठ होती, झोपेतून उठवलं तरी म्हणाला असता. पण हा भला माणूस केवळ आपली अब्रू राहावी म्हणून देवासमोर खोटं बोलायला तयार झालाय, हे कळलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

"नको काका."

"का रे?"

"तुम्हाला पटलेलं नाही."

"नाहीच पटलेलं. पण मला एक सांग," काका पुन्हा स्टुलावर बसले, "मी हो म्हटलं की तुझी पत्रं खरी होतात. पोरीची सीट मात्र जाते ती जातेच. म्हणजे ही सगळी धावपळ नक्की कुणासाठी चाललीय?"

धाकट्याला ते आता लख्ख दिसलं. सकाळपासून छकुलीच्या नावानं तो आटापिटा करत होता आणि दर खेपेला स्वतःचीच कातडी वाचवत होता. समोर मुकादम मान झटकत उठला आणि दोघं खोलीवर गेले.

चारला दोन मिनिटं असतानाच त्यानं फोन लावला. महिन्यातून एकदा अर्धा तास, आणि तोही जोडीदाराच्या समोर, असा नियम होता. मुकादम कॉटच्या दुसऱ्या टोकाला बसून टाय गुंडाळत होता.

"काका कसे आहेत?" आईनं पहिलं तेच विचारलं.

"आई, ऐक. काकांनी ती पुस्तिका उघडलेलीसुद्धा नाही. प्रार्थना, रडणं, तारीख, सगळं मी मनानं लिहिलं. इथे माझं कुणीच ऐकलेलं नाही. एकानंही नाही."

मुकादमाचे हात थांबले. 

"मी सगळ्यांना वाचून दाखवलं रे," आई म्हणाली. "मान वर करून वाचलं."

"माहीत आहे."

"आता रविवारी काय वाचू?"

"आत्ता सांगितलं ना, तेच सांग."

 फोन छकुलीनं घेतला. तिला रडू येत असणार, असं त्याला वाटलं होतं, पण तिचा आवाज कोरडा होता.

"दादा, मी काही काकांवर भाळून नव्हते येत. गेल्या महिन्यात माझ्या वॉर्डात दोन माणसं गेली. एकाचा तर हात माझ्या हातात होता. मला नाही झेपत. तुझ्याकडे लोक दारं उघडतात, रडतात, बरे होतात, असं वाचलं आणि वाटलं, तिथे जावं. तिथे आपण केलेलं काही फुकट जात नाही."

"इथे सगळंच फुकट जातं, छकुली."

"आणि तरी रोज जातोस?"

"जातो."

"का?"

त्यानं मुकादमाकडे पाहिलं. मुकादम त्याच्याकडेच पाहत होता आणि त्याच्याही चेहऱ्यावर तोच प्रश्न होता. यावर द्यायची चांगली उत्तरं मिशननं त्याला घोकून दिली होती. त्यातलं एकही त्याला घ्यावंसं वाटेना.

"खरं सांगू? माहीत नाही. रोज रात्री ठरवतो की पुरे झालं. सकाळी उठून जातो. आज कोणी बसून ऐकेल म्हणून नाही, तशी आशा कधीच सोडली. पण एखादं माणूस पाणी देतं, घडीभर बोलतं. तेवढ्यापुरता तरी मी तिथे असतो."

 अर्ध्या तासातली वीस मिनिटं उरली होती आणि त्याला ती संपूच नयेत असं वाटत होतं.

"तू हे आधी का नाही लिहिलंस?" तिनं विचारलं. आता मात्र तिचा आवाज फुटला. "मला वाटायचं, माझ्या एकटीलाच जमत नाही."

"मलाही तसंच वाटायचं," तो म्हणाला. 

"ठेवते मी," ती नाक ओढत म्हणाली. "युनिफॉर्म धुवायचाय. उद्या सातची ड्युटी आहे."