चुन्याचा नंदी

नीतूच्या डोळ्यांत एक पक्षी राहत होता.

पहाटे जाग आली तरी ती लगेच डोळे उघडत नसे. पापण्या जराशा किलकिल्या ठेवायच्या, कौलातून येणारा उजेड पापण्यांच्या केसांत अडकू द्यायचा, की तो यायचा. पांढरा, नवेगावच्या तलावाएवढा. त्याच्या पाठीवर गवत असे, गवतात कुणाची तरी वासरं चरत, आणि मानेच्या वळणापाशी एक घर असे. पक्षी पंख हलवी तेव्हा घर हलत नसे. आणखी थोडं थांबलं तर दारात कुणीतरी येऊन उभं राहील, असं वाटे. पण तेवढ्यात आई हाक मारी.

हा पक्षी तिला कागदावर हवा होता. कागद पुष्कळ झाले, दर वेळी बदकच उतरलं. धाकट्या गुलशनने तर विचारलंच, "कोंबडीवर घर काऊन बांधलं व ताई?"

त्याच संध्याकाळी नीतू खेमराज गुरुजींकडे गेली.

गुरुजी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. घराच्या सपरीत, पुढच्या पडवीत, उत्तरेकडच्या खिडकीजवळ त्यांनी एक लांब फळी ठोकली होती आणि फळीवरच्या प्रत्येक वस्तूला चुना फासला होता. गाडगं, नारळ, वाळलेला भोपळा, बिनकाचेचा कंदील, सगळं पांढरं. शहरातल्या कलाशाळांत प्लास्टरचे पुतळे असतात, ते इथे कुठून यायचे?

"रंग डोळ्याला भुलवतो," गुरुजी म्हणत. "पांढऱ्यावर उजेड काय करतो, ते सरळ दिसतं."

नीतूने त्यांना पक्ष्याचं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. थोडा विचार करून त्यांनी विचारलं, "त्याचे पाय कसे आहेत?"

नीतूने डोळे मिटून पाहिलं. "पाय तं पाह्यलेच नाई."

"बरं. मग गाडग्यापासून सुरू करू."

हात सरळ ताणून पेन्सिल धरायची, एक डोळा मिटायचा, अंगठा सरकवून माप घ्यायचं. कोपर वाकलं की गुरुजी बोटाने हलकेच ते वर उचलत. "कोपर वाकलं की गाडगं वाकलं." माप जमलं तेव्हा ते म्हणाले, "आता डोळे किलकिले कर. बारीकसारीक सगळं विरघळू दे. उजेड कुठे, अंधार कुठे आणि मधला करडेपणा कुठे, एवढंच पाहा."

किलकिले डोळे करायला नीतूला कुणी शिकवायची गरजच नव्हती. श्रावणाचे ढग खिडकीतून सरकत राहिले, गाडग्याच्या पोटावर उजेड कमीजास्त होत राहिला, आणि एक दिवस तिच्या कागदावर असं गाडगं बसलं की पाणी भरायला उचलावं.

आणि एका पहाटे पक्षी आला नाही.

तिने पापण्या नेहमीसारख्या ठेवल्या होत्या. पण फटीतून दिसला तो नुसता आढ्याचा वासा. वाशाची वरची बाजू उजळ, खालची काळी, मध्ये करडी. दुसऱ्या दिवशीही वासाच. तिसऱ्या दिवशी ती रडवेली होऊन सपरीत गेली.

"गुरुजी, तुमच्या गाडग्यानं माहा पक्षी खाल्ला."

गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला.  "तो परत आणून देणं माझ्या हातात नाही, बेटा," ते म्हणाले. "शिकणं थांबवावंसं वाटलं तर थांबव. मला राग येणार नाही. नाहीतर एक कर. माझ्या वस्तू पुरे झाल्या. तुझ्या घरातलं काहीतरी निवड, तुला आवडणारं. चुना घेऊन जा."

नीतूने निवडला तो गुलशनचा लाकडी नंदी. चाकांवरचा, सागवानाचा, आजोबांनी कोरलेला. त्याचा जुना रंग केव्हाच उडाला होता. दुसऱ्या दिवशी पोळा, घरात बैलांची खांदशेकणी चाललेली. आई दुर्पताबाई बैलांच्या खांद्यांना चोळायचं हळद-तूप घेऊन गोठ्यात होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि त्यात पोरं आपापले नंदी ओढत नेतात, हे नीतूला ठाऊक नव्हतं असं नाही. चित्र काढू, धुऊन ठेवू, असा तिचा हिशेब होता. तिने शिंगांपासून चाकांपर्यंत चुना फासला आणि नंदी परसात वाळत ठेवला.

पोळ्याच्या दुपारी तो गुलशनला सापडला.

"माह्या नंदीले काय केलं व तू? भूत केलं, भूत!"

आई धावत आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. "सणासुदीचा चुना कायले काढला व?"

"धुतला तं निघते, आई."

पण सुकून चिरलेलं लाकूड ते. चुना रेघारेघांत जाऊन बसला होता. नारळाच्या काथ्याने घासला तरी हटेना.

"हिमांशूचा नंदी लाल हाये, घुंगरूवाला," गुलशन हुंदके देत म्हणाला. "मले सब हासतीन."

"आता रडू नोको. जिनं फासलं तेच रंगवन," आई म्हणाली आणि बैलांची शिंगं रंगवून उरलेल्या डब्या तिने नीतूपुढे ठेवल्या. तांबडा आणि निळा, एवढेच. काळ्यासाठी चुलीची काजळी.

नीतूने नंदी उंबऱ्यावर ठेवला. मावळतीचं ऊन एका अंगाने येत होतं. गुलशन हाताची घडी घालून पहारा देत बसला. "लाल कर. पूरा लाल."

तिने कुंचला तांबड्यात बुडवला आणि सवयीने डोळे किलकिले केले.

वशिंडाची सावली उतरत मानेच्या सावलीला जाऊन मिळाली. पाठीवरचा उजेड लांब पसरला. पोटाच्या फुगवट्यावरचा करडेपणा हळूच हलला, मिटलेल्या पंखासारखा. नंदी कुठे नव्हताच. पक्षी बसला होता, मान दुमडून, वशिंडाला टेकून. आणि आज त्याला पाय होते. लांब, तांबडे, पाण्यात रोवलेले.

"लाल नाई होत," नीतू पुटपुटली.

"काऊन?"

"थांब न जरा."

उजेड होता तोवर ती रंगवत राहिली. सकाळी पुन्हा बसली. पंखाची पिसं पोटाच्या गोलाईबरोबर वळली, मान वशिंडावर चढली, तिच्या वळणापाशी घर आलं, पाय नंदीच्या पायांवरून खाली उतरले आणि चाकांवर निळं पाणी आलं. गुलशन सरकत सरकत जवळ आला.

"त्या घरात कोन राह्यते?"

"मले नाई माहीत."

त्याने जरा विचार केला. "मी राह्यतो तं. खिडकी काढ माह्यासाठी."

तिने खिडकी काढली.

दुपारी देवळापुढच्या तोरणाखाली नंदींची रांग लागली. रात्री पाऊस होऊन गेलेला, जागोजाग डबकी साचलेली. "बैलाले पंख! ओ भाई, इधर देखो!" हिमांशू खिदळला, आणि दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहायला फिरून आला. मग पुन्हा फिरून आला.

खेमराज गुरुजी एकेक नंदी निरखत येत होते. गुलशनच्या नंदीपुढे ते उकिडवे बसले आणि डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले.

"पाय छान रोवलेत," ते म्हणाले. "पण इथे चुकलीस. उजेड वरून येतो ना? मग पंखाखाली, पोटाशी, अंधार हवा. तू तर उजळ ठेवलंस."

नीतूने नंदीच्या पोटाकडे पाहिलं. घर जवळच होतं, काजळी अजून वाटीत होती. दोन हात फिरवले असते तर पोट काळं झालं असतं, गाडग्यासारखं. तिने पापण्या किलकिल्या केल्या. पोट उजळच होतं.

"नाई, गुरुजी," ती म्हणाली. "ते तसंच राहू द्या. त्याच्या खाली पानी हाये. पानी उजेड वर फेकते."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. मग पायापाशी साचलेल्या डबक्यावर त्यांनी आपला तळवा पालथा धरला आणि वाकून त्याच्या खाली पाहिलं. तळव्यावर उजेडाच्या लाटा थरथरत होत्या.

"हे मी तुला दिवाळीनंतर शिकवणार होतो," ते हळूच म्हणाले.

"सरका न गुरुजी," गुलशनने दोरी ओढली. "माह्या नंदीले जाऊ द्या."

गुरुजी बाजूला झाले. नंदी डबक्यात उतरला.