खळीची हाक

“आय हॅव अ बुक. इथे हॅव म्हणजे जवळ असणे,” चंद्रभान मास्तर फळ्याकडे बोट दाखवत म्हणाले. “आय हॅव टी. इथे चहा घेणे. आणि आय हॅव टू गो? मला जाणं भाग आहे. शब्द एकच, पण कामं किती करतो बघा.”

मागच्या बाकावर शाळा तपासनीस मान डोलवत होते. मास्तरांची नोकरी कायम होणार की नाही, ते आज या साहेबांच्या शेऱ्यावर ठरायचं होतं. त्यासाठी मास्तरांनी शेजाऱ्याचा कोटही चढवला होता. वर्गातली बहुतेक मुलं कोष्ट्यांची. मास्तरही कोष्टीच, पण साहेबांना ते सांगायची त्यांना काही गरज वाटली नव्हती.

खिडकीबाहेर गल्लीत मास्तरांच्या आईनं, रुखमाबाईंनी, लुगड्याच्या उभ्या धाग्यांचा ताणा पसरला होता. सुताला लावलेली खळ ओली असतानाच दोघांनी दोन्ही बाजूंनी कुंचा फिरवायचा असतो. नाहीतर धागे एकमेकांना चिकटतात आणि सगळं सूत वाया जातं. म्हणून खळीची हाक आली की हातातला घास टाकून धावायचं, ही कोष्टीपुऱ्याची रीत. भांडण असलेला शेजारीसुद्धा धावतो.

नेमकी तेव्हाच दुसरा कुंचा धरणारी पंचफुला चक्कर येऊन खाली बसली. बाजाराचा दिवस, गल्लीत दुसरं कोणी नव्हतं.

“बापू, धाव गा! खळ वाळून राहिली!” रुखमाबाईंनी हाक मारली.

बापू हे मास्तरांचं घरातलं नाव. ते सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. दोघं-तिघं सवयीनं उठलीच.

“बसा खाली,” मास्तर ओरडले.

“कोण हो ती बाई?” साहेबांनी विचारलं.

“इथले विणकर लोक आहेत, साहेब. त्यांचा आरडाओरडा चालूच असतो.”

मास्तरांनी जाऊन खिडकी लावून घेतली.

त्यानंतर मुलांनी चोख उत्तरं दिली. एकही चुकला नाही आणि एकानंही मास्तरांकडे पाहिलं नाही. साहेब मात्र खूश झाले. नोकरी पक्की समजा, म्हणाले. मास्तरांना शरमेनं धड हसताही येईना.

साहेबांचा टांगा हलताच ते गल्लीत धावले. ताणा वाळून कडक झाला होता. रुखमाबाई एकट्याच उन्हात बसून नखांनी धागे सोडवत होत्या.

“झालं का गा तुयं काम?”

“झालं, माय. नोकरी पक्की झाली.”

“बरं झालं बाप्पा. मीच येडी, साहेब असतानी बोंबलत होती.” त्यांनी एक धागा ओढला, तो तुटला. “त्यानं इचारलं असन ना, कोन बाई हाय म्हनून? काय सांगतलं मंग?”

खिडकी कोणी लावली, ते रुखमाबाईंनी पाहिलं होतं.

“माही माय आहे म्हणून सांगतलं,” मास्तर म्हणाले.

“हो काय,” रुखमाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्याकडे न बघता पुढचा धागा सोडवू लागल्या.