कॉलरला अडकवलेली पिन

टेलर माणूस टाचण्या हातात धरत नाही. हात कापडाला लागतात. टाचण्या ओठांत.

रेल्वेचं फाटक साडेआठला पडतं. उघडतं कधी, ते फक्त मालगाडीला ठाऊक.

ड्रायव्हिंग शाळेच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक शिकवणाऱ्याच्या.

कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही. घरातल्या तीन माणसांना हा नियम झोपेतही पाठ आहे.

गाडी चालवताना फोन समोरच्या कप्प्यात, आवाज बंद करून. हा दुसरा नियम. केला बापाने, पाळते लेक.

फाटकानंतर उतार लागतो. सात वळणं, आणि चौथ्या वळणाला कठडा नाही.

धुवायचे कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी बायको खिसे तपासते. कॉलर कुणी तपासत नाही.

*

पण त्या सोमवारी कॉलर तिच्या बोटाला लागली.

“अहो, हे काय लोंबतंय तुमच्या शर्टाला? मशीनमध्ये गेलं असतं म्हणजे पुढच्या रविवारी मशीन खोलून बसला असतात.”

टेलर पुढच्या खोलीत बाही बेतत होता. म्हातारपणी काम कमी झालं होतं, पण सकाळी आठला कात्री हातात नसली तर त्याला चहा गोड लागत नसे. त्याने चष्म्यावरून पाहिलं. बायकोच्या चिमटीत एक पिन होती. बोटाच्या दोन पेरांएवढी, एकाच तारेचे दोन पाय, डोक्याला वेढा. केसांच्या आकड्याची थोरली बहीण म्हणा ना.

पिन सरळ होती. दोन्ही पाय नाकासमोर.

त्याची कात्री बाहीत अर्ध्यावर थांबली.

“पोरगी गेली?”

“केव्हाच. सव्वाआठला, गाडी घेऊन. का?”

आता ही पिन काय चीज आहे ते सांगायला हवं. गाडीच्या मागच्या चाकाच्या मधोमध एक नट असतो. या नटाची गंमत अशी की तो कचकचून आवळायचा नसतो. आवळला तर आतलं बेअरिंग जळतं. हाताने हलकेच बसवायचा, त्याच्या खाचेतून आरपार पिन घालायची आणि पिनचे दोन्ही पाय दोन दिशांना वाकवायचे. मग तो नट कुठे जात नाही. पिन नसेल तर चाक फिरेल तसा नटही फिरतो, एकेक आटा मागे येतो. टेलरने काल रविवारी मागचे ब्रेक घरीच बदलताना हे सगळं पुस्तिकेत वाचलं होतं आणि स्वतःच्या भाषेत बसवून घेतलं होतं. नट म्हणजे टीप, पिन म्हणजे गाठ. गाठ न मारता दोरा तोडला तर शिवण दिसायला छान दिसते, आणि पहिल्याच ताणाला उसवते.

वाकलेली पिन म्हणजे लागून निघालेली पिन. सरळ पिन म्हणजे कुठे लागलीच नाही अशी पिन.

*

ड्रम. बेअरिंग. वॉशर. नट. पिन. टोपी.

एक चाक असं झालं. ते त्याला स्वच्छ आठवत होतं. पिन वाकवताना अंगठ्याची साल निघाली होती, ती अजून चुरचुरत होती.

दुसरं चाक.

ड्रम. बेअरिंग. वॉशर. नट.

टोपी.

मध्ये काय झालं? पिन ओठांत होती. तारेची चव, ग्रीसची चव, ते आठवत होतं. चाळीस वर्षांची सवय. मग ओठ मोकळे होते. मध्ये कुणीतरी दोरा कापून नेला होता.

तो गाडी ठेवायच्या शेडमध्ये गेला. लोखंडी टेबलावर त्याने मांडलेलं तसंच होतं, कारण मांडण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. झिजलेले ब्रेकचे पट्टे चार. स्प्रिंगा आठ. जुन्या वाकड्या पिना दोन. नव्या पिनांची पिशवी रिकामी. पिशवीत दोनच आल्या होत्या.

दोन वजा एक. एवढा हिशोब करायला पहिलीतलं पोर पुरे.

“अहो, काय झालं ते तरी सांगा,” बायको मागे येऊन उभी राहिली होती.

“चाक निघेल,” तो म्हणाला. “एक चाक. मागचं.”

बायकोने कपाळाला हात लावला नाही, रडली नाही. फोन घेतला आणि लेकीचा नंबर लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

“उचलणार नाही ती,” टेलर म्हणाला.

“ठाऊक आहे. तुमचीच शिस्त.” तिने तिसऱ्यांदा लावला. “गॅरेजवाला म्हणाला होता, गुरुवारी आणा. गुरुवारपर्यंत दम निघाला नाही. म्हणे आपला हात जगन्नाथ. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.”

त्याने ऐकून घेतलं. ऐकण्यासारखंच होतं. बॅटरी बदलली तेव्हा हीच बायको शेजारीपाजारी सांगत फिरली होती, सीट कव्हरं शिवली तेव्हा मोहल्ल्याने तोंडात बोट घातलं होतं. नाक वर झालं होतं ते तिथे. पण सीट कव्हर उसवलं तर माणूस फार तर घसरतो.

“मी लावत राहते,” बायको म्हणाली. “तुम्ही मास्तरांकडे पळा.”

*

शेजारचे मास्तर ड्रायव्हिंग शाळा चालवत. शाळा म्हणजे एक पांढरी गाडी, तिच्या डोक्यावर ‘शिकाऊ’ लिहिलेली पाटी, आणि स्वतः मास्तर. ते काच पुसत होते. नऊ वाजता एक विद्यार्थीण यायची होती.

टेलरने दोन वाक्यांत सांगितलं.

“बसा,” मास्तर म्हणाले. “पट्टा लावा.”

“मास्तर, पट्टा राहू द्या, निघा आधी.”

“पट्टा लावल्याशिवाय ही गाडी सत्तावीस वर्षांत निघालेली नाही.”

टेलरने पट्टा लावला. तेव्हा त्याला कळलं की उजव्या हातात अजून कापडाची कात्री आहे. डाव्या मुठीत पिन. पाना नाही, पकड नाही, स्क्रूड्रायव्हर नाही. लढाईला निघालेला माणूस घरून कुंचला घेऊन यावा तसा तो बसला होता.

आठ पस्तीस.

*

फाटक घरापासून आठ किलोमीटर. तोवर रस्ता सपाट. गाडी फाटकाला अडली असेल तर वाचली. फाटक उघडलं तर पुढे उतार.

“मास्तर, जरा वाढवा.”

“वाढवलाय.”

टेलरने काट्याकडे पाहिलं. बेचाळीस.

“अहो, बेचाळीस.”

“एरवी चाळीसच असतो.”

मागून ट्रकने हॉर्न दिला. मग एका दुचाकीने, मग कोण जाणे कुणी. शिकाऊ पाटी पाहून प्रत्येक जण काहीतरी सुनावून पुढे जात होता. एकाने तर खिडकीतून विचारलं, “काका, आज परीक्षा आहे का?”

गाडीने अचानक आचका खाल्ला आणि मंदावली. मास्तरांनी गिअर बदलला. पुन्हा वेग घेतला, पुन्हा आचका.

“टेलर.”

“काय?”

“पाय काढा.”

त्याने खाली पाहिलं. शिकवणाऱ्याच्या जागेवर तो बसला होता, आणि त्याचा पाय दुसऱ्या ब्रेकवर होता. डोळ्यांपुढे सारखं ते चाक येत होतं, एका बाजूला कललेलं, आणि डोळ्यांपुढे आलं की पाय आपोआप दाबला जात होता. लेकीची गाडी तो इथून थांबवत होता.

“मांडी घाला,” मास्तर म्हणाले. “मांडी घालून बसा, म्हणजे पायाला काम राहणार नाही.”

साठी उलटलेला माणूस पुढच्या सीटवर मांडी घालून बसला. हातात कात्री. जीव मुठीत धरतात म्हणतात. त्याच्या मुठीत ती पिन होती, आणि ती इतकी घट्ट धरली होती की तळहातावर तिचा ठसा उठला.

ड्रम. बेअरिंग. वॉशर. नट. टोपी.

ड्रम. बेअरिंग. वॉशर. नट. टोपी.

“काही बोललात?” मास्तर.

“नाही.”

पुढे गर्दीसारखं काही दिसलं की टेलर काचेकडे वाकायचा. एका ठिकाणी रस्त्याच्या कडेला दहा-बारा माणसं गोल करून उभी होती. त्याने डोळे मिटून घेतले.

“पाइप फुटलाय पाण्याचा,” मास्तर म्हणाले. “उघडा डोळे.”

काटा पंचावन्नवर होता. मास्तरांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी काट्याकडे पाहायचंच सोडून दिलं होतं.

*

आठ सत्तेचाळीस. मालगाडीचा शेवटचा डबा रस्ता ओलांडून गेला.

फाटकापुढे पंचवीस-तीस गाड्यांची रांग. टेलर मानेची कमान करून पाहत होता. लेकीच्या गाडीसारख्या राखाडी गाड्या चार दिसल्या. अलीकडे राखाडी रंगाची साथच आलेली. मग एकीच्या मागच्या काचेतून निळ्या चौकटीचं कापड दिसलं, वर पांढरी गोट. ती गोट त्याने दोनदा उसवून घातली होती. जगात ते कव्हर एकच होतं.

रांगेत दुसरी. फाटकाच्या अगदी तोंडाशी.

घंटा वाजली आणि फाटकाचा दांडा वर जायला लागला.

“मास्तर.”

मास्तरांनी स्टिअरिंग वळवलं. सत्तावीस वर्षांत ज्यांनी पांढऱ्या रेषेवर टायर ठेवला नव्हता, ते रांग सोडून उलट्या बाजूने निघाले. तोंडाने मात्र म्हणत होते, “हे असं कधी करायचं नाही. हे असं कधीच करायचं नाही.” कुणाला सांगत होते देव जाणे.

समोरून पलीकडची पहिली बस फाटकात शिरली आणि वाट बंद झाली. टेलरने पट्टा काढला, दार उघडलं आणि उतरून धावत सुटला.

तो धावत कधी नव्हता. त्याचा धंदा बसून करायचा. गुडघे कुरकुरले, एक चप्पल सुटली. राखाडी गाडी रुळांवर चढली. पहिल्या रुळावर मागचं चाक आदळलं आणि त्याला ते दिसलं: चाक फिरता फिरता डुलत होतं. दमलेल्या भोवऱ्यासारखं. दुसऱ्या रुळावर ते बाहेर आलं, पुन्हा आत गेलं.

त्याने हाक मारायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. मग हात निघाला. कात्रीची मूठ त्याने पुढच्या गाडीच्या डिकीवर आपटली, आणि ती नेमकी दुसऱ्याच कुणाचीतरी निघाली. तो माणूस शिव्या देत थांबला. तेवढ्या आवाजाने लेकीने आरशात पाहिलं. बाप एका पायात चप्पल घालून, कात्री उगारून रेल्वेच्या रुळांत उभा.

रूळ ओलांडून दहा पावलांवर तिने गाडी कडेला घेतली. पुढे तीस पावलांवर रस्ता खाली झुकत होता.

“बाबा? आई बरी आहे ना?”

तो सरळ मागच्या बाजूला गेला. चाकाशी उकिडवा बसला. कात्रीचं टोक, कागदाला कधी न लागलेलं ते टोक, त्याने पत्र्याच्या टोपीखाली घातलं आणि उचकटलं. टोपी निघाली. टोपीबरोबर नट निघाला. फिरवावा लागला नाही. ग्रीसने माखलेला, आपण होऊन त्याच्या तळहातावर येऊन बसला.

लेक नर्स. तिला पुस्तिका वाचावी लागली नाही. तिने नटाकडे पाहिलं, मग चाकाकडे, मग खाली जाणाऱ्या रस्त्याकडे.

“काल तुम्हीच बसवलं होतं ना हे?” ती हळू म्हणाली.

“हो.”

मास्तर जॅक आणि पकड घेऊन आले. चाक उचललं, आत ढकललं. टेलरने नट हाताने बसवला, खाच आतल्या दांड्याच्या भोकासमोर आणली. राहिली पिन.

सुईत दोरा तो आजही एका खेपेत ओवत असे, चष्म्याशिवाय. ते भोक सुईच्या नेढ्याच्या वीसपट असेल. पिन भोकाच्या डावीकडे लागली. मग उजवीकडे. मग वर. मग खाली पडली. हात त्याचे राहिलेच नव्हते.

“द्या इकडे,” लेक म्हणाली.

“ग्रीस लागेल तुझ्या कपड्यांना.”

“बाबा, द्या.”

रोज वीस माणसांच्या नसा शोधणारे हात. पिन पहिल्या खेपेत आरपार गेली. तिने पकडीने दोन्ही पाय वाकवले, एक इकडे, एक तिकडे. मग तिने बापाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि धरून ठेवले, पेशंटचे धरतात तसे. त्याला वाटलं ती धीर देतेय. मग त्याला कळलं की तिचेही आता थरथरायला लागलेत.

“गुरुवारी गॅरेजला नेऊ,” तो म्हणाला.

“आज,” ती म्हणाली. “आणि उतारावरून मी मास्तरांबरोबर जाते. आईला आधी फोन करा.”

कप्प्यातल्या फोनवर एकतीस हाका येऊन पडल्या होत्या. बत्तिसावी तेवढ्यात आली.

“बरी आहे ना पोरगी?” पलीकडून बायकोने विचारलं. टेलरने फोन लेकीपुढे धरला. लेकीने फोन घेतला.

*

रविवारी दुपारी पावणेपाचला लेक शेडच्या दारात आली होती. “बाबा, उद्या नेऊ ना गाडी? नीट झालंय सगळं?” तिने विचारलं होतं, आणि ‘झालं’ म्हणण्यासाठी त्याने ओठांतली पिन काढून कॉलरला अडकवली होती.