लवूच्या केसातला कापूस

आधी माझं सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना घोटाळा नको. गिरण्यांच्या संपाला नववा महिना लागला, तेव्हा मी, अनंत, मागावर वीस वर्षं काढलेला विणकर, एका गुरुवारी दुपारी मुलुंडला आमच्या जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, घरी गेलो आणि कामावर परत यायला नाव देऊन आलो. चोरून. माझ्या बायकोचे, प्रेमाचे, दिवस भरत आले होते आणि तिला दोन वेळा धड जेवायला घालायची माझी ऐपत उरली नव्हती. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? घाटकोपरच्या आमच्या चाळीत राहून बघायला हवं होतं. फुटीराच्या घरचं पाणी प्यायचं नाही, लग्नाला जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही, असं सगळ्या गिरणीवाल्यांनी नारळावर हात ठेवून ठरवलं होतं. त्या नारळावर माझाही हात होता.

जॉबर मला सोमवारी सकाळी गिरणीच्या मागच्या गेटावर यायला सांगत होता, तेवढ्यात एक माणूस डोक्यावर नवी गादी घेऊन आत आला. गादीखाली तोंड झाकलेलं, दिसत होते ते फक्त पाय. डावा पाय जरासा ओढत तो आतल्या खोलीत गेला आणि गादी टाकून मागच्या दाराने निघून गेला. असा पाय ओढत चालणारा एकच माणूस मला ठाऊक होता. माझ्या शेजारच्या खोलीतला लवू, मालवणकडचा, माझ्याच खात्यातला.

तेव्हापासून मी लवूवर डोळा ठेवला. तो नळावर हसला तर का हसला, नाही हसला तर का नाही. त्याची बायको रुक्मिणी प्रेमासाठी पेज घेऊन आली, तर मला वाटलं, हिलाही कळलंय, आता बघायला आलीय. प्रेमाने ती पेज चाटूनपुसून खाल्ली आणि मी तिच्यावरच खेकसलो. शुक्रवारी संध्याकाळी लवू जिना चढताना त्याच्या कानामागे केसात कापसाचा पुंजका दिसला. आता शंकाच नको. गादीवाला तोच होता आणि त्याने मला पाहिलं होतं. तो तोंड उघडेल त्या दिवशी मी चाळीतून उठणार. माझ्या बाळाच्या बारशाला पाळणा हलवायला कुणी येणार नाही.

मग मला जे सुचलं ते सांगताना आजही लाज वाटते. तो बोलायच्या आधी त्यालाच फुटीर ठरवला, तर त्याचं ऐकणार कोण? आम्ही पडलो गिरणीची माणसं. कुणाच्या केसात कापूस दिसला की आम्हाला गिरणीशिवाय दुसरं काही सुचत नाही. चाळ कमिटीचे चंद्रप्रकाश परब भेटले, त्यांना मी इतकंच म्हणालो की लवूच्या केसांकडे जरा लक्ष ठेवा. खोटं एक अक्षर बोललो नाही, असं वर स्वतःला बजावलं.

रविवारी सकाळी अंगणात बैठक बसली. परबांनी लवूला उभं केलं आणि कापूस आला कुठून ते विचारलं.

"वाकोल्याक गादयेच्या दुकानात जातंय," तो म्हणाला. "कापूस पिंजूचा काम. लाज वाटली, म्हणान सांगूक नाय."

लोक हसले. विणकर माणूस गाद्या भरतो म्हणे. तेवढ्यात भीमराज उठला. तो खालच्या मजल्यावर राहायचा, रिंगखात्यात, सूत कातायच्या कामावर होता. त्याच्या जातीच्या लोकांना विणकर खात्यात घेतच नसत, का ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तो म्हणाला, लवूच्या केसातल्या कापसात सरकीचे तुकडे आहेत. मागावर सूत येतं, सरकी कुठून येईल? हे मला दिसलं नव्हतं असं नाही. अंगणातल्या प्रत्येक विणकराला हे कळत होतं. पण नऊ महिने उपाशी राहिलेल्या माणसांना कुणीतरी सापडायला हवं होतं, आणि तो सापडला होता.

दुकानदाराला विचारून काय उपयोग, तो शिकवाल तसं बोलेल, असं परबांनी परस्पर ठरवून टाकलं. तेव्हा भीमराजने लवूचा दंड धरला. "गाद्या पोचवताना कुणी ओळखीच्याने बघितलं असेल ना तुला? एक नाव घे. आत्ता जाऊन विचारतो."

लवूने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. आता घेतो नाव, आता घेतो.

"मी कोणाक बघूक नाय," लवू म्हणाला.

त्याची मुलगी सुलक्षणा दारात उभी होती. पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं, मालाडच्या गिरणीवाल्याच्याच घरात. परबांनी मत मागितलं. लवूला वाळीत टाकायचं, लग्नालाही कुणी जायचं नाही, ज्यांना मान्य त्यांनी हात वर करा. मी एक शब्द बोललो असतो तर बैठक तिथेच मोडली असती. मी हात वर केला. इतरांच्या आधी केला. भीमराज तेवढा हात खाली ठेवून बसून राहिला.

लोक उठले. लवू माझ्या अंगावरून गेला, थांबला, आणि फक्त मला ऐकू येईल असं बोलला.

"अनंता, उद्या जाव नको. मागच्या गेटार संपाची पोरा राखणीक बसलेली आसत. तुका जितो सोडूची नाय. प्रेमाचे दिवस भरत इले."

सोमवारी मी गेलो नाही. पुढच्या महिन्यात सुलक्षणाच्या लग्नालाही गेलो नाही.