आमच्या थडग्यावरचं सिमेंट

माझा चुलतभाऊ आल्सीद याच्या जिभेला हाड नव्हतं, आणि दुर्दैव असं की त्याचं पोट त्या जिभेवरच चालायचं. लाल छत्री उंच धरून तो प्रवाशांना आमच्या न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या दफनभूमीतून फिरवायचा. कुठल्या झाडाखाली तलवारी उपसल्या गेल्या, कुठल्या गॅलरीतून कुठली बाई पळाली, हे सगळं तो असं सांगायचा, जणू बाईची पेटी त्यानेच खाली झेलली होती. आम्ही हसायचो. एकदा प्रवासी जांभया द्यायला लागले, तेव्हा त्याने समोर दिसलेल्या थडग्यावर छत्री आपटली आणि ठोकून दिलं, ‘‘इथे जादूटोण्याच्या राणीची मोलकरीण आहे. विटेच्या तुकड्याने तीन फुल्या मारा आणि इच्छा बोला.’’

ते थडगं आमचं होतं.

तिथे मोलकरीण नव्हती, सेलेस्टीन होती. तांत युलालीची, म्हणजे माझ्या आत्याची, एकुलती एक पोर. एकोणिसाव्या वर्षी दम्याने गेली. आमच्याकडे खणलं की पाणी लागतं, म्हणून माणसं जमिनीवरच्या विटांच्या बुटक्या खोलीत ठेवतात. घराण्याची एकच खोली. नवीन माणूस गेलं की जुन्याची हाडं मागच्या खड्ड्यात सारायची, तिथे आजे-पणजे आधीच असतात. परक्याला शिसारी येते, आम्हाला धीर येतो. तांतला तर जगात दुसरं काही नकोच होतं. ‘‘मला तिच्यावर सारा, बेबी,’’ ती मला म्हणायची. ‘‘पोरीला एकटं झोपायची सवय नव्हती. किती वर्षं झाली, टक्क जागी असेल.’’

सर्व संतांच्या सणाला तांत स्वतः बादलीत चुना विरवायची आणि थडगं पांढरं करायची. हात भाजायचे, पण ब्रश कुणाला देईल तर शपथ. त्या वर्षी ती गेली तर भिंतभर लाल फुल्या. खाली नाणी, सिगारेटी, कुणाची तरी लिपस्टिक. एक जाडजूड बाई तर भिंतीला पाठ टेकून फोटो काढून घेत होती. मागे उभ्या आल्सीदचा चेहरा पाहूनच तांत समजली. बाप्तिस्म्याला तिनेच त्याला हातात धरलं होतं, म्हणून तो तिला नॅनॅन, म्हणजे धर्ममाता, म्हणायचा. तिने भर सणात, सगळ्या शेजारपाजाऱ्यांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली.

‘‘माझ्या लेकीला मोलकरीण केलीस? आणि तीही जादूटोण्याची?’’

‘‘चुकलं, नॅनॅन. मी निस्तरतो.’’

‘‘तू निस्तरणार? तू तोंड बंद ठेवलंस तरी खूप झालं.’’

पण मूर्खाला पश्चात्ताप झाला की तो कामाला लागतो. आल्सीदने जुना चुना खरवडून काढला, चहूबाजूंनी सिमेंट थापलं आणि वर तेलरंगाचे दोन हात मारले. थडगं न्हाणीघरातल्या टबासारखं चकचकीत झालं. ‘‘आता कितीही फुल्या मारू देत,’’ तो म्हणाला, ‘‘ओलं फडकं फिरवलं की साफ!’’ तांतने भिंतीवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. ‘‘गार लागतंय रे.’’

‘‘नवं आहे, नॅनॅन. वाळेल.’’

ते वाळणार नव्हतं. आमच्या जुन्या विटा पावसात पाणी पितात आणि उन्हात चुन्यातून बाहेर टाकतात. सिमेंटने त्यांचं तोंड बांधलं. बाहेरून सगळं पांढरंशुभ्र होतं. चार पावसाळी उन्हाळे ते आतल्या आत कुजत राहिलं आणि आमच्यापैकी कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

ऑगस्टमध्ये तांत गेली, झोपेतच गेली. दुसऱ्या सकाळी मी आणि आल्सीद थडगं उघडायला गेलो. रखवालदार द्युप्लेसीने संगमरवरी पाटी उतरवली, मागच्या विटांना पहार लावली, आणि पहार भिजल्या पावात शिरावी तशी आत गेली. आतून खळ्ळकन पाणी आलं, तांबडं. मग वरची विटांची कमान खाली बसली. धूळसुद्धा उडाली नाही, इतकं ते ओलं होतं.

द्युप्लेसीने विजेरी मारून पाहिलं आणि टोपी काढली. ‘‘इथे पेटी जायची नाही. आता हे बुजवायचं, कायमचं.’’

‘‘मग सेलेस्टीनला काढून द्या,’’ आल्सीद म्हणाला. ‘‘हाडं द्या फक्त. नॅनॅनच्या पेटीत ठेवतो.’’

‘‘कुठली काढू, तूच दाखव.’’

आल्सीदने गुडघ्यांवर बसून खांद्यापर्यंत हात घातला. वर आला तो मुठीत लाल चिखल घेऊन. तो चिखल कुठे ठेवावा हे त्याला कळेना. रडत होता, मला नुसतं ‘‘झेनोबी, झेनोबी’’ म्हणत होता. मला त्याची कीव आली नाही. आजही येत नाही.

तांतला आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिथल्या दफनभूमीच्या भिंतीतल्या भाड्याच्या कप्प्यात ठेवलं. वर कुणी आयरिश म्हातारा, खाली कुणाचं तान्हं मूल. पाद्रीबाबांनी शेवटचं पाणी शिंपडलं. आमच्याकडे रीत अशी, की तोवर वाजंत्री संथ वाजवतात आणि ढोल दबका राहावा म्हणून त्याच्या तळाला ताणलेल्या तारांखाली रुमाल खोचलेला असतो. माणूस आपल्या जागी पोचलं की ढोलवाला रुमाल ओढतो, बँड उसळतो, त्याला मोकळं केलं म्हणतात, आणि लोक रस्ताभर नाचत घरी येतात.

ढोलवाल्या ऑक्टेव्हने रुमालाचं टोक चिमटीत धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘सोडू का तिला मोकळी?’’

सगळे माझ्याकडे बघत होते. पायही तयार होते लोकांचे.

‘‘पोचलीच नाही रे ती,’’ मी म्हणाले. ‘‘सोडतोस कुठे?’’

ऑक्टेव्हने रुमाल पुन्हा तारांखाली दाबून बसवला. परतीच्या सबंध वाटेत, रणरणत्या उन्हात, त्याने तोच दबका ढोल वाजवला, आणि आम्ही कुणी नाचलो नाही.